मार्गारेटच्या आजीचं नाव

गेल्या शनिवारी केंब्रिजमध्ये, शेजारच्या मार्गारेटच्या किचनमध्ये बसून मी चांगलीच तोंडघशी पडले... आणि मला त्याचा इतका आनंद झालाय की सगळ्यांना सांगत सुटलेय.

मार्गारेट चौऱ्याऐंशीची, मेनोनाइट, म्हणजे एका जुन्या ख्रिस्ती पंथाच्या, घरातली. तिची आई अनाथ, लहानपणी काकांबरोबर युक्रेनहून इथे आली. काकांनी मागचा विषय कधी काढलाच नाही. त्यामुळे मार्गारेटला स्वतःच्या आजीचं साधं नावसुद्धा माहीत नव्हतं... आणि डोळे पूर्ण जायच्या आत तिला ते हवं होतं.

यंदा त्यांच्या चर्चच्या बेसमेंटमध्ये जुनी रजिस्टर्स सापडली, स्कॅन झाली. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईवडिलांची नावं असतात, म्हणून तिने मला शोधायला बसवलं. युक्रेनहून आलेले असले तरी त्यांची भाषा जर्मन, आणि ते जुनं जर्मन अक्षर म्हणजे नुसते कोंबडीचे पाय! पण मी हौसेने मोडी शिकलेली, त्यामुळे घाबरले नाही.

तीन आठवडे डोळेफोड केली. काहीच नाही. शनिवारी मन घट्ट करून तिला सांगून टाकलं की नोंद नाही. तिचा चेहरा बघवेना...

थोड्या वेळाने तिने विचारलं, "तू कोणती वर्षं बघितलीस?"

"आई इथे आली तेव्हाची. चार-पाच वर्षांची असेल ना?"

मार्गारेट हसायलाच लागली. "अगं, आमच्यात लहान मुलांना बाप्तिस्मा देतच नाहीत! मोठं झाल्यावर, स्वतः ठरवून घ्यायचा असतो."

मी आपली बारशासारखं काहीतरी समजून बसले होते. एकदा विचारायचं, तर तेही नाही.

पंधरा वर्षं पुढे गेलो... आणि दुसऱ्याच पानावर तिची आई सापडली. वडील पीटर, आई सारा.

मार्गारेटने स्क्रीनवर बोट ठेवलं. "ओमा सारा," ती म्हणाली. ओमा म्हणजे आजी. मग आणखी एकदा म्हणाली. आम्ही दोघीही रडलो, लपवायचं काय त्यात...

घरी येऊन नागपूरला आत्याला फोन लावला, पणजीचं नाव विचारलं. तिने लगेच सांगितलं, लक्ष्मीबाई. म्हटलं, ते लग्नातलं गं, माहेरचं सांग. आत्या म्हणाली,

"बाई, हे कधी कोणी विचारलंच नाही. थांब, वर्ध्याला तिच्या माहेरी कोणी असेल तर बघते."

आज सकाळी तिचा मेसेज आला. एकच शब्द... मथुरा.

थँक यू, मार्गारेट.