फाटलेल्या स्नायूला व्यायाम नाही

“पाठीचे व्यायाम शिकवा, लवकर बरी होईल,” रसिकाच्या सासूबाई मला सांगत होत्या. रसिका मात्र खुर्चीच्या कडेवर, कधीही उठून पळता येईल अशी बसली होती. मी फिजिओथेरपिस्ट. बडोद्यातल्या ज्या हॉस्पिटलमध्ये तिचं बाळंतपण झालं, तिथेच काम करत होते. सासूबाईंना बाहेर बसवलं आणि दार लावलं.

मग खरं कळलं. संडासची घाई झाली की तिला थांबवता येत नव्हतं. वाघोडियाच्या एका कंपनीत ती लॅबमध्ये होती. रजा संपत आली होती आणि या लाजेपायी ती राजीनामा देणार होती. घरी कारण सांगितलं होतं, बाळ लहान आहे.

बाळंतपणात बाळाचे ठोके मंदावले, म्हणून फोर्सेप्स लावला होता. दोन मोठ्या पळ्यांसारखा हा चिमटा बाळाचं डोकं धरून त्याला बाहेर काढतो. त्याने बाळ वाचलं, गालावरचा वळही आठवड्यात गेला. आईचं काय झालं, ते कोणी पाहिलंच नाही. मी तपासलं. शौच रोखून धरणारा गोल स्नायू पुढच्या बाजूने आवळतच नव्हता.

मोठ्या डॉक्टरांकडे गेले. हॉस्पिटल त्यांचंच, बोलणं गुजराती वळणाचं.

“बेन, फोर्सेप्सनंतर थोडं ढिलं पडतं. व्यायाम करवून घ्या ने.”

“स्नायू फाटलाय, सर. आधी सोनोग्राफी हवी.”

“टाके मी घातलेत. तुम्ही मला शिकवणार?”

“शिकवत नाही. पण सोनोग्राफी झाल्याशिवाय मी व्यायाम सुरू करणार नाही.”

नाडी तुटली की कितीही ओढा, पायजमा कमरेवर राहत नाही. इतकं साधं होतं ते. रसिकाला विचारून मीच एका सर्जनच्या नावे चिठ्ठी लिहिली. ते कळताच मोठ्या डॉक्टरांनी मला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मला भयंकर संताप आला, पण चिठ्ठी काही मागे घेतली नाही.

सोनोग्राफीत फाटलेला स्नायू स्पष्ट दिसला. ऑपरेशनचं नाव निघताच सासूबाईंचं सुरू झालं, आमच्या वेळी बायका असलं सहन करायच्या. रसिकाने त्यांना काय उत्तर दिलं, ते तिनेच मला सांगितलं. “आई, तुम्ही सहन केलंत. मी करणार नाही.”

ऑपरेशन झालं. नंतरचे व्यायाम मी माझ्या घरच्या हॉलमध्ये करून घेतले. गॅस अजून कधीकधी दगा देतो, पण ती रोज वाघोडियाला कामावर जाते.

फोर्सेप्सशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते ‘बाळ-बाळंतीण सुखरूप’ या निरोपाशी. तो आला की मी बाळंतिणीला एकटीला गाठून विचारते, संडासची घाई झाली की थांबवता येतं ना? लोकांना ते खटकतं. खटकू दे.