मागच्या दाराचा शॉकर

आपल्या जीपचं मागचं दार तुम्ही पाहिलं आहे, पण ते धरून उभं राहायची वेळ तुमच्यावर आलेली नाही. मोटारीच्या डिकीसारखं ते वर उचललं जात नाही. कपाटाच्या दारासारखं बाजूला उघडतं आणि त्याच्या पाठीवर स्टेपनी बसवलेली असते. म्हणजे दाराचं स्वतःचं वजन आणि त्यावर एका अख्ख्या चाकाचं. सपाट रस्त्यावर ते उघडं राहतं. गाडी जरा कलती उभी असली की उतार असेल तिकडे जातं. एक तर सताड उघडतं, नाहीतर परत येऊन आपटतं.

दार अडवून धरायला आत एक लोखंडी पट्टी होती. ती झिजली, तेव्हापासून तुमचे आजोबा दाराला उसाचं कांडं लावत. आपल्या कागलकडच्या शेतावर उसाला तोटा नाही. गाडी बांधावर उभी करायची, शेजारचा एक ऊस मोडायचा, त्याचं कांडं दाराच्या फटीत अडकवायचं, पेंडीचं पोतं उतरवायचं आणि निघताना ते कांडं म्हशीपुढे टाकायचं. ही व्यवस्था त्यांना इतकी पसंत होती की दुसरं काही सुचवलं तर त्यांना ते ऐकूच जात नसे.

मागच्या वर्षी एका सकाळी कांडं मोडलं. आजोबा आत वाकून पोतं ओढत होते. दार स्टेपनीसकट त्यांच्या उजव्या खांद्यावर आलं. तशा खांद्याने ते गाडी चालवत घरी आले आणि फाटकाबाहेर हॉर्न वाजवत राहिले. गाडीचं दार उघडून खाली उतरणं त्यांना जमत नव्हतं, हे मला बाहेर गेल्यावर कळलं. हाड मोडलं नव्हतं, आतला स्नायू फाटला होता. ऑपरेशन झालं. पुढे हात बराच सुधारला. गाडी चालवण्याची परवानगी मिळाली, पण उजव्या हाताने जोर लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

तुमच्या बाबांनी फोनवर गाडी विकून टाकायला सांगितलं.

"विकतो की," आजोबा म्हणाले, "आणि शेतावर कशानं जाऊ? इमानानं?"

दोघांचे आवाज चढले तेव्हा मी फोन घेतला आणि एक अट घातली. गाडी विकायची नाही. पण मागचं दार आजोबांना एकट्याने, माझ्यासमोर, उघडता आणि लावता आलं तरच त्यांनी शेतावर एकट्याने जायचं. तोवर ड्रायव्हर घेऊन जायचं. बाबांना अट पटली. आजोबांनी ती मान्य केली, कारण दार लावण्यात काय एवढं, असं त्यांना वाटत होतं.

ड्रायव्हर चांगला होता. पोती तोच उतरवायचा, रस्त्यात गप्पाही मारायचा. अडचण वेगळी होती. आजोबा शेतावर काम करायला जातात, असं आपण सगळे म्हणतो. खरं तर काम तासाभरात होतं, उरलेला वेळ ते बांधावर नुसते बसून असतात. कुणी गाडीच्या किल्ल्या बोटावर फिरवत ताटकळत असेल तर तसं बसता येत नाही. ड्रायव्हर असताना ते काम झालं की लगेच घरी येत आणि दुपारभर खोल्याखोल्यांतून फिरत. शेतावर एकट्याने जाणं म्हणजे त्यांना काय होतं, ते मला त्या दिवसांत समजलं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातले आमचे मिस्त्री तुम्हाला आठवत असतील. त्यांचे वडीलही आमची गाडी बघायचे. आम्ही गेलो तो शुक्रवार होता. मिस्त्री नमाजहून आले, टोपी खिशात घातली, दार दोनदा हलवून पाहिलं आणि म्हणाले, "आबा, आता ऊस बास करा. गॅसचा शॉकर टाकू."

मोटारीची डिकी उचलली की तिला वर तोलून धरणारी काळी नळी असते, ती ही. नळीत दाबलेला वायू असतो. तो आतली दांडी बाहेर ढकलत राहतो, म्हणून दार उघडलेल्या जागी टिकतं. मिस्त्रींनी दोन शॉकर आणून बाकड्यावर ठेवले. लांबी सारखीच, एकाचा जोर कमी, दुसऱ्याचा बराच जास्त.

"ह्यो बास हाय," मिस्त्री कमी जोराचा उचलून म्हणाले.

"कशानं बास? स्टेपनी बघितलीस का? तो थोरला टाक."

"आबा, दार धरायचं हाय. ट्रक उचलायचा न्हाय."

"दार माझ्यावर पडलंय. तुझ्यावर पडलं असतं म्हंजे तू दोन बसवलं असतंस."

मिस्त्री माझ्याकडे वळले. "काकी, तुम्ही तरी सांगा."

मी शॉकरच्या खोक्यातला कागद वाचला. इंग्रजीत होता. त्यात दाराचं वजन, बिजागरीपासूनचं अंतर आणि दांडीची बाजू कुठे ठेवायची, हे सगळं व्यवस्थित दिलं होतं. दार कोण लावणार आहे, याबद्दल काही नव्हतं. मी तसं सांगितलं, पण आजोबांनी तोवर थोरला शॉकर हातात घेतला होता. कोल्हापुरात दोन वस्तू पुढ्यात ठेवल्या तर त्यातली धाकटी उचलणारा माणूस मी क्वचितच पाहिला आहे.

बसवायला दुपार गेली. जुनी पट्टी काढली. मिस्त्रींनी आधी पुठ्ठा कापून मापं घेतली, मग दाराला आतून एक आणि गाडीच्या चौकटीला एक अशी भोकं पाडून पकडी बसवल्या. दार लागल्यावर नळी मागच्या सीटला घासते का, हे पाहायला मिस्त्री बॅटरी घेऊन आत बसले आणि त्यांच्या हाताखालच्या माणसाने बाहेरून दार आपटून लावलं. त्या दाराला आतून मूठ नाही.

"उघडा की!" आतून आवाज आला.

"ऱ्हा की आत," आजोबा म्हणाले. "शेतावर नेतो. शेण काढायला माणूस पायजेच हाय."

"काकी, बघा वो ह्यास्नी!"

दार उघडलं तेव्हा ते मुठीचा खटका दाबताच आपोआप, एका दमात पूर्ण उघडलं आणि थरथरून थांबलं. रस्त्याने जाणारे दोघे-तिघे बघायला थांबले. आजोबांनी ते चारदा उघडून दाखवलं. दर वेळी लावलं ते मिस्त्रींनी किंवा त्यांच्या माणसाने, कारण ते शेजारीच उभे होते. हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही.

घरी अंगणात परीक्षा झाली. आजोबांनी दार उघडलं. लावण्यासाठी डाव्या हाताने ढकललं. ते थोडं आलं आणि पुन्हा मागे गेलं. मग पाठ लावून रेटलं. दार अर्ध्यावर आलं आणि तिथून त्यानेच आजोबांना दोन पावलं पुढे लोटलं.

"नवा हाय," ते म्हणाले. "सैल पडंल."

"पडू दे," मी म्हणाले. "पडल्यावर बघू."

त्यानंतर ते रोज सकाळी अंगणात जाऊन दार उघडत आणि रेटत. शेजारच्या बाईंनी भिंतीवरून विचारलं, "आबा, हा कुठला नवीन व्यायाम काढलाय?" एकदा कमरेचा धक्का देऊन त्यांनी दार लावलं आणि मला हाक मारली. मी पदराला हात पुसत बाहेर आले.

"लागलं का न्हाय?"

"लागलं. आता पुन्हा उघडून लावा."

पुन्हा लागलं नाही.

"एकदा लागलेलं चालत न्हाय व्हय तुला?"

"शेतावर एकदाच उघडता का दार?"

त्या दिवशी चहाच्या वेळी मी त्यांना उजवा खांदा चोळताना पाहिलं, तेव्हा ते कोणत्या हाताने सराव करतात हे मला कळलं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी तोच हात आणखी वापरला असता. दार लागत नाही, हे त्यांना मिस्त्रींकडे जाऊन सांगता आलं असतं. पण थोरला शॉकर त्यांनी स्वतः, चार माणसांदेखत निवडला होता. धाकटा मागायचा म्हणजे हात धाकटा झाला, हेही त्याच चार माणसांत सांगायचं.

शेवटी एका दुपारी ते मला म्हणाले, "चल, गाडीचं ऑइल बघून येऊ." ऑइल नुकतंच बदललं होतं. मी चपला घातल्या.

गॅरेजमध्ये आजोबा बाकड्यावर बसले. पावसावर बोलले, गुळावर बोलले, साखर कारखान्याच्या निवडणुकीवर बोलले. मिस्त्री हातातलं काम करत हूं हूं म्हणत होते. आम्ही कशासाठी आलो आहोत, हे त्यांनी विचारलं नाही. तेवढ्यात आपल्यासारखीच गाडी घेऊन एक तरुण शेतकरी आला. त्याला मागच्या दाराचंच काम होतं. त्याने आमची गाडी पाहिली, खटका दाबला आणि दार उघडलेलं बघून खूश झाला.

"आयला, भारी हाय की! मिस्त्री, मला ह्योच टाका. सेम."

"पावणं, गाव कुठलं?" आजोबांनी विचारलं.

"शिरोळकडचं, अण्णा. नदीला लागून."

"मागं काय घालता?"

"काय बी. वैरण, खत. पाणी चढाय लागलं की रेडकं हितनंच घालतो आन् निघतो."

"आन् दार कोण लावतं?"

"आई लावती. मी रेडकं धरून आत असतो नव्हं. तिला आता जमत न्हाय म्हणून तर आलोय."

आजोबांनी आपल्या गाडीच्या उघड्या दाराकडे पाहिलं. मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. तो तरुण आळीपाळीने दोघांकडे बघत राहिला.

"मग ह्यो घेऊ नका," आजोबा म्हणाले.

"का वो? चांगला उघडतोय की."

"उघडतोय. लागत न्हाय. मलाच ढकलंना झालंय, तुमच्या आईला काय ढकलंल? पाणी दारात आन् दार उघडं, असं व्हईल." मग मिस्त्रींकडे न बघता म्हणाले, "त्यो बारका हाय का शिल्लक?"

"हाय की," मिस्त्री म्हणाले. "ठेवलाय तुमच्यासाठी."

"तुला ठाऊकच हुतं म्हण की."

"मला काय ठाऊक? शॉकर काय फिरून येतो व्हय माघारी? माणूस येतो, म्हणून ठेवला."

तो तरुण हसला. "आधी अण्णांना बसवा. मी थांबतो. आन् त्यो काढलेला थोरला मला द्या, आमच्या गोठ्याच्या फाटकाला बघतो."

पकडी त्याच राहिल्या, म्हणून वेळ लागला नाही. बसवून झाल्यावर मिस्त्रींनी गाडी गॅरेजच्या उतारावर कलती उभी केली. आजोबांनी दार उघडलं. या वेळी ते आपोआप धावलं नाही. त्यांनी नेलं तिथपर्यंत गेलं आणि उतार असूनही तिथेच राहिलं. मग त्यांनी डाव्या हाताने ते ढकललं. अर्ध्यापर्यंत जड गेलं, पुढे सरळ आलं आणि खटक्यात बसलं.

मी काही म्हणायच्या आत त्यांनी ते पुन्हा उघडलं आणि पुन्हा लावलं. आणखी एकदा उघडलं, लावलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"जावा," मी म्हणाले.

ते गाडीत बसले, गाडी उतारावरून रस्त्यावर घेतली आणि कागलच्या दिशेने निघून गेले. मी गॅरेजच्या दारात उभी होते. तो तरुण रस्त्याकडे बघतच राहिला.

"काकी," मिस्त्री म्हणाले, "आबा तुम्हास्नी हितंच इसरलं की!"

"विसरले नाहीत," मी म्हणाले. "एकट्याने जायचं, असंच ठरलं होतं."

मिस्त्रींनी रस्त्यावर जाऊन माझ्यासाठी रिक्षा थांबवली.