मांडीमागचे डाग

अक्षर वाईट आहे, शुद्धलेखनही चुकलं असेल, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली, तीही आश्रमशाळेत. मी दवाखान्यात कामाला असताना पनवेलच्या पोलीस ठाण्यात ज्या फौजदार मॅडम होत्या, त्या आता निवृत्त झाल्या. आपल्या केसेसच्या आठवणी लिहितात. मला म्हणाल्या, "मावशी, ती केस माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे. तुमच्या बाजूनं लिहून ठेवा." म्हणून या वहीत लिहिते. नाव कुणाचंच घालत नाही.

ती केस बरीच जुनी. विमानतळाच्या जमिनींची तेव्हा नुसती बोलणी चालू होती. मी पनवेलमधल्या एका लहान खासगी दवाखान्यात आया होते. लादी पुसायची, भांडी घासायची, आणि ड्रेसिंगच्या वेळी पेशंटला धरायचं. लहान मुलं धरायला मलाच बोलवत.

एक दिवस आपट्याकडच्या आदिवासी वाडीवरून एक बाई चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली. ती मुलीची चुलती. मुलीचे आईबाप वीटभट्टीवर कामाला गेले होते आणि पोर तिच्याकडे ठेवली होती. उजव्या मांडीच्या मागे भाजल्याचे दोन लांब चट्टे होते.

"पोट फुगलं व्हतं पोरीचं," चुलती म्हणाली. "भगतानं डाग दिला."

सिस्टर हसल्या. "काय एकेक जंगली लोक."

डॉक्टरांनी केसपेपरवर तेच लिहिलं, भगतानं डाग दिला. मलम लावून पोर घरी पाठवली.

डाग म्हणजे काय ते मला शिकवायला नको होतं. मीही तशाच वाडीवरची. मूल दूध पिईना, पोट फुगलं, की भगत विळ्याचं टोक तापवून बेंबीभोवती बारीक चटके देतो. माझ्या पोटावर तसे सात आहेत. गुण कधी कुणाला आला नाही. पण ते देतात पोटालाच. मांडीला मागून डाग दिलेला मी जन्मात पाहिला नव्हता. पोर माझ्याच हातात होती, मला ते पहिल्या मिनिटाला कळलं.

तरी मी बोलले नाही. दवाखान्यात कुणाला माहीत नव्हतं मी कुठल्या वाडीची ते. बोलले असते तर सिस्टरनी विचारलं असतं, तुला कसं गं माहीत? एवढ्याचीच लाज वाटली.

नऊ दिवसांनी चुलती पुन्हा आली. या वेळी दोन्ही मांड्या. आधीचे चट्टे अजून ओले होते. पोर रडतही नव्हती, नुसती छताकडं बघत होती.

"परत पोट फुगलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो ना सायेब. भगत म्हनला, पयला डाग लागला नाय."

डॉक्टरांनी पेन काढलं. मी म्हटलं, "सर, हा डाग नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. सरांसमोर "हो सर" याच्यापुढे मी कधी गेले नव्हते.

"मग काय आहे?"

"कुणीतरी भाजलंय. डाग पोटाला देतात. मला दिलेत."

ते मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मावशी, एमएलसी केली, म्हणजे पोलीस केस म्हणून नोंद केली, की पोलीस येणार, जबाब होणार, कोर्टाच्या तारखा मला पडणार. ड्रेसिंग करून सरकारी दवाखान्यात जा म्हणून सांगू."

"ती जाणार नाही, सर. घरीच नेणार."

मी पोरीला घेऊन खाली लादीवर बसले. चुलतीनं हात पुढे केले, मी दिली नाही. तिनं पोरीचा दंड धरला, तरी सोडली नाही. मग डॉक्टरांनी पोलीस ठाण्याला फोन लावला.

मॅडम आल्या. चट्टे बघितले, डॉक्टरांचा जबाब घेतला. पण पहिल्या केसपेपरवर भगत लिहिलेला होता आणि चुलतीही तेच सांगत होती. त्यामुळे आधी भगतालाच उचलून आणलं. त्यानंच डाग दिले असं ठरलं असतं तर पोर त्याच संध्याकाळी चुलतीबरोबर परत गेली असती.

मलाही पोरीला घेऊन ठाण्यात बोलावलं. भगत बाकापाशी खाली उकिडवा बसलेला, सत्तरीचा असेल. हवालदारानं त्याला आणल्यापासून चहासुद्धा दिला नव्हता.

"डॉक्टरकी करायचं लायसन आहे का तुझ्याकडं?" हवालदारानं दरडावलं.

"लायसन मोटारीला लागतं ना, साएब. मी पायी फिरतंय."

मॅडम हसल्या नाहीत. "या पोरीला डाग तू दिलास?"

"दिला ना. नाय कशाला म्हनू. अंगावर पीत व्हती तवा. पोटाला. मांडीला कशाला देऊ, बाय? मांडी कुटं फुगते?"

"खोटं बोलतोय म्हातारा," हवालदार म्हणाला.

मी मॅडमना म्हटलं, "जरा आत येता?" आतल्या खोलीत लुगडं सैल करून त्यांना माझं पोट दाखवलं. एवढी लाज पुन्हा कधी वाटली नाही. मग पोरीचा झगा वर केला. बेंबीभोवती तिलाही तसेच बारीक, गोल, जुने डाग होते. मांडीवरचे लांब आणि रुंद.

मॅडमनी माझ्या पोटावर बोट ठेवून डागाची रुंदी मोजली, मग पोरीच्या मांडीवर. पंचांना घेऊन चुलतीच्या घरी गेल्या. चुलीपाशी उलथणं होतं. त्याची कड चट्ट्यांच्या मापाशी बरोबर जुळली.

उलथणं समोर ठेवल्यावर चुलती रडायला लागली. "रोज गोदडी वली करते, मॅडम. माजी तीन हायेत, ही चवथी. धुवू तरी किती?" तिचा जबाब लिहिताना हवालदाराचीही मान खाली होती. भगताला समज देऊन सोडलं. पुन्हा डाग देणार नाही असं तो म्हणाला. दिलेच असतील.

मॅडमनी नंतर मला सांगितलं की अशी संशयास्पद जखम दिसली की दवाखान्यानं पोलिसांना कळवायचंच असतं, खरं-खोटं शोधणं पोलिसांचं काम. माझी समजूत होती की कायदा शिकलेल्यांसाठी असतो. पण डॉक्टर दोन मिनिटं बघतात आणि पोर असते आयाच्या मांडीवर. आयाला दिसतं ते कागदावर कुणी लिहून घेत नाही. पुढे माझी नोकरी संपेपर्यंत मी चार वेळा तसं बोलले. दोनदा माझा अंदाज चुकला आणि शिव्या खाल्ल्या. त्या खाऊन झोप लागते. ते नऊ दिवस आठवले की लागत नाही.

पोरीची आई भट्टीवरून आठवड्यानं आली. बालकल्याण समितीनं पोर तिच्याच ताब्यात द्यायचं ठरवलं, भट्टीवर बरोबर न्यायची आणि दर महिन्याला आणून दाखवायची या अटीवर. त्या दिवशी पोरीला सांभाळायला मॅडमनी मलाच बोलावलं होतं. आईला कुणीतरी सगळं सांगितलं असावं.

"पयल्या येळंला बी तूच धरली व्हतीस?" तिनं विचारलं.

"हो."

"तवा का नाय बोलली?"

"भ्याले," मी म्हटलं. लाजले म्हणायला हवं होतं, तेही तोंडातून निघालं नाही.

तेवढ्यात कारकुनानं कागद पुढे केला. एका हातानं कागद धरून दुसऱ्यानं अंगठा द्यायचा होता, पोर कडेवर. तिनं इकडं तिकडं बघितलं आणि पोर माझ्या हातात दिली.