दाराशी ठेवलेली अडीचशेरी

मामा गेल्याचं पत्र आलं तेव्हा मी शाळेत उत्तरपत्रिका तपासत होते. पत्र पोचेपर्यंत तिसऱ्या दिवसाचा विधीही उरकला होता. त्यालाही आता दीड महिना झाला…

मी लहान होते, निजामाच्या राज्याचे ते शेवटचे महिने. मामा कळंबच्या मोंढ्यात धान्य तोलणारे मापाडी होते. आई धाकट्या बबनच्या बाळंतपणात गेलेली आणि वडील चळवळीत पडून सरहद्दीपलीकडे, बार्शीला. म्हणून आम्ही तीन भावंडं मामांकडे होतो. टोळ्या गावोगावी घरं पेटवू लागल्या तेव्हा मामांनी आम्हाला वडिलांकडे पोचवायचं ठरवलं. आमच्या लेखी तो परदेशच. तिकडं राज्य वेगळं, मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. जायला मामांची सायकल, तिचे टायर दोऱ्याने शिवलेले.

कॅरिअरच्या दोन बाजूंना टोपल्या बांधल्या. एकीत तीन वर्षांचा बबन आणि पिठाची गठडी, दुसरीत आम्हा दोघींपैकी एक. तिसरं ओझं टायर पेलणार नव्हता. अक्का नऊ वर्षांची, पण तापातून उठून काटकी झालेली. मी सहाची, गुबगुबीत. मामांनी मोठा तराजू आढ्याला टांगला. "हलकी असंल ती आज. दुसरी परवा."

"लेकरं हायती का तूर?" मामी म्हणाली.

"तूर वाटंत सांडली तर भरून घेता येतीय," मामा म्हणाले.

मी पारड्यात बसले. अक्का आत जाऊन पाणी पिऊन आली आणि परकराचा ओचा धरून समोरच्या पारड्यात बसली. तिचं पारडं खाली गेलं. "बघ, मीच जड," ती हसली. "माझी बाहुली ने. बबनला देऊ नको, चावतो."

मामांनी मला उचललं आणि सवयीने म्हणाले, "लाभ." मोंढ्यात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात.

येरमाळ्याच्या चढाला मामा सायकल ढकलत होते. येडेश्वरीचा डोंगर दिसला, पण हँडल सोडून हात जोडता येईनात. नाक्यावर शिपायानं टोपलीत काठी खुपसली तसा बबन रडू लागला. "माल तर वरडतोय," म्हणत शिपायानं सोडलं. दिवस मावळायच्या आत आम्ही वडिलांजवळ होतो.

दुसऱ्या दिवशी मामा परत निघाले तर नाका बंद. आठव्या दिवशी रानातून वाट काढत ते घरी पोचले. घर जळालेलं होतं. टोळीनं ते पेटवलं तेव्हा मामी विहिरीवर होती. अक्का घरात होती…

वडील पुढं फार जगले नाहीत. मला शिकवलं मामांनीच. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. पेढे घेऊन गेले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "दोघींचं शिकलीस." मला वाटलं, म्हातारपण बोलतंय.

शेवटची भेट झाली तेव्हा मामा बाजेवर होते. त्यांच्या खोलीचं दार आपोआप मिटायचं, म्हणून तिथं एक काळं वजन टेकवलेलं असे. आमच्या सगळ्यांच्या अंगठ्यांना ते कधी ना कधी लागलेलं. त्याकडं बोट करून मामा म्हणाले, "गोदे, ही अडीचशेरी राखंत घावली. अक्काच्या अंगाखाली. त्या दिवशी हीच तिच्या ओच्यात हुती."

"तुम्हाला तेव्हाच कळलं, मामा?"

"माणसाच्या वजनानं पारडं हलत हलत जातंय. लोखंडानं गपकन जातंय. जल्मभर माप केलं म्या, न कळाया काय झालं?"

"मग?"

"एकीलाच न्यायचं हुतं," ते म्हणाले. "पोरीनं खोटं माप टाकलं, म्या खरं धरलं. तोलून मोकळा झालो."

परवा मी मामीला भेटून आले. बाज उभी करून ठेवली होती. दाराशी अडीचशेरी होती तिथंच होती. "नेतीस का?" मामीनं विचारलं. मी वाकून ती उचलली, तसं मागं दार हळूहळू मिटू लागलं. मी हातानं दार अडवलं आणि ती पुन्हा तिथंच टेकवली.