पंख्याखालची खाट

कराडात आमच्या गल्लीत पंखे दुरुस्त करणारा मिस्त्री आहे. पंखा बंद करून पातं बोटानं फिरवणार, डोळे मिटून ऐकणार, मग म्हणणार, "बघूया की." घाई म्हणून कशी ती नाहीच.

बायको चार महिने खाटेवर पडून आहे. तिच्या डोक्यावरचा पंखा लय हळू झाला, म्हणून त्याला बोलावलं. कपॅसिटर गेलाय, हे मी आधीच सांगून टाकलं. त्यानं वर बघितलं आणि आधी खाट बाजूला ओढली.

स्टुलावर चढून त्यानं दांडीच्या बोल्टातली गंजकी तार काढली. तिथं पिन लागते, नाहीतर बोल्ट निसटून पंखा खाली येतो.

"तार कुणी घातली रं?" बायकोनं विचारलं.

"असंल कुणी आधीचा मिस्त्री, काकी. आता पिन घातली."

आधीचा मिस्त्री कुणी नव्हताच. पंखा त्याच्याच दुकानातला. "बसवायला येतो, आबा," म्हणाला होता, तर "मला येतंय" म्हणून मीच टांगलेला.

नवा कपॅसिटर घातल्यावर पंखा जोरात फिरला. त्यानं खाट जागेवर न्यायला हात लावला.

मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे रं तिथंच."