येऊ दे, मावंल

"येऊ दे, मावंल," असं म्हणत मावशी दोन्ही हात पुढे करायची आणि दारातल्या बाईच्या कडेवरचं मूल आपल्याकडे घ्यायची. आधीच एक कडेवर असलं तर त्याला दुसऱ्या बाजूला सरकवायची. जागा आहे की नाही हे बघायला तिनं मागं मान वळवलेली मी कधी पाहिली नाही.

आमच्या गिरणीच्या पाळणाघरात ती आया होती. मी तिथल्याच ऑफिसात कारकून, नुकती मॅट्रिक झालेली. सत्तरीच्या दशकाची सुरुवात होती. दुष्काळानं खेड्यातली माणसं सोलापुरात आणून टाकली होती आणि गिरणीतल्या कामकरी बायका वाढल्या होत्या. पाळणाघर मात्र तेवढंच, वीस मुलांचं. नियम भिंतीवर लावलेला होता: वीसच मुलं, तीही सहा वर्षांच्या आतली. मावशीला वाचता येत नव्हतं. येत असतं तरी तिनं वाचलं नसतं.

मुलांना ती त्यांच्या आईच्या गिरणीतल्या खात्यावरून हाक मारायची. "रिळंवाली निजली, पण तिच्या शेजारचा सूतवाला लई द्वाड हाय बगा," असं सांगताना ती एका पायानं झोळी हलवत असायची आणि हातानं कुणाचं तरी नाक पुसत असायची.

एकदा सरकारी तपासणीचे साहेब आले. सत्तावीस मुलं निघाली. "ही सात कोण?" त्यांनी विचारलं. मावशी शांतपणे म्हणाली, "पावणी हायती." साहेबांनासुद्धा हसू आलं. हसत हसतच त्यांनी शेरा लिहिला.

त्या शेऱ्यानंतर आमच्या साहेबांचं डोकं फिरलं. रोज सकाळी पाळणाघरात जाऊन मुलं मोजायचं काम त्यांनी मला दिलं. वीसच्या वर एक जरी दिसलं तर मावशीला घरी बसवीन, असंही सांगितलं.

नरसव्वा नावाची तेलुगू बाई रिळांच्या खात्यात होती. तिची तीन मुलं पाळणाघरात असायची. पद्मा सात वर्षांची, व्यंकू अडीचचा आणि एक पाच महिन्यांचं तान्हं. पद्मा खरं तर नियमात बसत नव्हती. पण व्यंकू तिच्याशिवाय कुणाच्या हातून घास घ्यायचा नाही, म्हणून मावशीनं तिला ठेवून घेतलं होतं. बहीण भरवायची, भाऊ जेवायचा, आणि मावशी दोघांकडे बघत तान्ह्याला थोपटायची.

मी मोजायला गेले त्या पहिल्या सकाळी मावशीनं मला बाजूला घेतलं. "बाई, तुमीच सांगा, कुणाला काडू? माज्या तोंडातनं न्हाय निगायचं."

मी एकोणीस वर्षांची होते. हातात वही होती. मी म्हणाले, "तान्ही ठेवा. मोठ्यांना घरी पाठवा. एका बाईचं एकच मूल."

मावशी दारात गेली आणि नरसव्वाला म्हणाली, "थोरल्या दोगांना उद्यापासनं आणू नगंस." तिनं मुलाला नाही म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

दोघं भवानी पेठेतल्या खोलीवर राहू लागली. दिवसभर पद्माच व्यंकूला सांभाळायची. आठवडाही झाला नसेल. पद्मा घागर घेऊन नळाच्या रांगेत उभी होती. पाणी तासभरच यायचं, रांग सोडली तर घरात थेंब नाही. तेवढ्यात व्यंकू मागच्या अंगणात गेला. तिथं सूत भिजवायचा हौद होता. हौदात पाणी गुडघाभरच होतं. अडीच वर्षांच्या पोराला तेवढं पुरलं.

ऑफिसात बातमी आली तेव्हा साहेब खुर्चीत मागं टेकले. "नशीब, आपल्या आवारात नाही झालं," ते म्हणाले. त्या दिवशी माझ्या वहीत बरोबर वीसचा आकडा होता.

पंधरा दिवसांनी नरसव्वा कामावर परतली. तान्ह्याला पाळण्यात ठेवून म्हणाली, "अक्का, आता हे एकच हाय. चालंल न्हवं?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. मावशीनं पाळण्याची दोरी धरली, पण तिला ती ओढता येईना.

मग तिनं विचारलं, "पद्मा कुटं हाय?"

"हाय घरात. बोलत न्हाय कुनाशी. बाप लई मारला तिला."

मावशी तशीच उठली. भर कामाच्या वेळेत पाळणाघर माझ्यावर टाकून भवानी पेठेत गेली आणि पद्माला हाताला धरून घेऊन आली. दुसऱ्या दिवशीही आणलं, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी साहेब स्वतः आले. पोर कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"हिला मोजू नगा सायेब," मावशी म्हणाली. "ही माजी हाय."

संध्याकाळी तिला कामावरून काढल्याची चिठ्ठी मीच लिहिली. अक्षर चांगलं म्हणून असली कामं माझ्याकडे यायची. चिठ्ठीवर तिनं अंगठा उठवला. मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. तिच्या जागी आलेली आया नियमाची पक्की होती. सात-आठ बायकांनी महिन्याभरात काम सोडलं. कुणी कुणाला कारण विचारलं नाही.

चार वर्षांनी मला मुलगी झाली. घरात सांभाळणारं कुणी नव्हतं. मावशी आपल्या खोलीवरच मुलं सांभाळते असं कळलं, म्हणून विचारत विचारत गेले. दार पद्मानं उघडलं. आता ती मावशीकडेच राहायची. उंच झाली होती. माझ्याकडे एकदा बघून ती आत भांडी घासायला गेली.

मावशीनं माझ्या मुलीला मांडीवर घेतलं, टाळूवर तेल चोळलं, गालाला बोट लावून हसवलं. मला वाटलं, झालं काम. मग तिनं दुपट्यात नीट गुंडाळून मूल माझ्या हातात परत दिलं.

"दुसरं कोण बगा, बाई."

"मावशी, फक्त दिवसापुरतं..."

"न्हाय." ती उठून उभी राहिली. "पर हिला येकटी ठेवू नगा कुटं. तेवडं करा."

मी नोकरी सोडली. मुलगी चालायला लागल्यावर तिला दाखवायला म्हणून पुन्हा गेले, तर त्या खोलीत दुसरंच कुटुंब राहत होतं. मावशी पद्माला घेऊन कुठं गेली, हे शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. नव्या बाईनं मला आत बसा म्हटलं. मी उंबऱ्यातच उभी राहिले.