मंडळी कशी आहे?

आमच्या भावजींना सगळे टेकू म्हणायचे. तोंडावर टेकूकाका, पाठीमागे नुसतंच टेकू. भिंत कलली की तिला लाकूड लावतात ना, तसे हे खेड्यापाड्यातल्या लहान ख्रिस्ती मंडळ्यांच्या पाळकांना जाऊन लागायचे. कुणाच्या उपासनेला चारच डोकी येतात, कुणाशी अख्खं गाव बोलत नाही, कुणी आठवडाभर मजुरी करून रविवारी संदेश द्यायला उभा राहतो आणि उभ्या उभ्याच डुलकी घेतो. असल्या माणसांचं ऐकून घेणं हे भावजींचं काम. त्यासाठी त्यांना कुणी नेमलं नव्हतं, आणि कुणी थांबवलं असतं तर ते थांबले नसते.

मी त्यांची वहिनी. माझा नवरा गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. दोघांचीही तोंडं फटकळ, त्यामुळे घर सुनं कधी वाटलं नाही. भावजींनी लग्न केलं नव्हतं. मी म्हणायचे, "गावोगावच्या मंडळ्या सांभाळता, स्वतःची एक आणली असती तर शर्टाला बटणं तरी राहिली असती." त्यावर ते म्हणायचे, "वहिनी, आमच्या भाषेत मंडळी म्हणजे चर्च. तुमचे जुने लोक बायकोला मंडळी म्हणायचे, ते गेले आता." गेले नव्हते. पण ते पुढे.

त्यांची स्वतःचीही एक मंडळी होती पूर्वी. गिरणीमागच्या वस्तीत, पत्र्याच्या खोलीत, त्यांनी एकेक माणूस जोडून उभी केलेली. मग शहरातल्या मोठ्या मंडळीचे लोक आले. गोड बोलले, खुर्च्या दिल्या, लाउडस्पीकर दिला, माणसांची ने-आण करायला गाडी दिली. बघता बघता दारावरची पाटी बदलली, आणि भावजी स्वतःच्याच खोलीत मागच्या बाकावर जाऊन बसले. त्यांनी भांडण केलं नाही. मी असते तर पाटी उपटून आणली असती. ते गप्प राहिले आणि तो काटा आत तसाच राहिला. तेव्हापासून कुठलाही पाळक भेटला की पहिला सल्ला ठरलेला: शहरातल्यांच्या हाती देऊ नका, एकदा दिली की परत मिळत नाही.

रोज सकाळी चहा झाला की ते फोन घेऊन खिडकीशी बसायचे. पलीकडे कुणीही असो, पहिला प्रश्न एकच. "मंडळी कशी आहे?" मला त्याचा राग यायचा. "अहो, आधी माणसाला विचारावं, तू कसा आहेस, जेवलास का." तर म्हणे, "मंडळी बरी असली की पाळक बराच असतो."

त्या पाळकांत एक वीटभट्टीवर काम करणारा होता. वय चाळिशीच्या पुढे, पण इतका बुजरा की फोनवरसुद्धा मान खाली घालून बोलत असावा. दुसरे पाळक भावजींचं डोकं खायचे; हा मात्र विचारलं तेवढंच सांगायचा. भावजींचा त्याच्यावर जीव होता.

एके सकाळी त्याचा फोन चालू असताना मी शेजारीच भाजी निवडत होते. मला एकच बाजू ऐकू येत होती. "मंडळी कशी आहे?... थंड पडलीय? कधीपासून?... होतं रे असं. भूकच मेली म्हणतोस... जबरदस्ती करू नकोस. थोडं थोडं देत राहा." मग त्यांचा आवाज चढला. "शहरात? अजिबात नाही. कोण म्हणालं तुला? म्हणू दे. शहरातल्यांच्या हाती एकदा दिली की परत मिळत नाही, माझं ऐक. धीर धर. प्रार्थना कर. मीही करतो."

फोन ठेवून ते मला म्हणाले, "भट्टीवाल्याची मंडळी ढिली पडलीय, आणि ते शहरातले टपूनच बसलेत." त्या दिवशी त्यांनी जेवण सोडून त्याच्या मंडळीसाठी प्रार्थना केली. खोटं कशाला बोलू, मनापासून केली.

थोड्या दिवसांनी परत त्याचाच फोन आला. भावजी उभेच होते. "गेली? कुठे गेली?... सगळीच्या सगळी? अरे, तुला बजावलं होतं ना मी!" मग ते ऐकत राहिले. फोन कानालाच. पलीकडचा माणूस बहुतेक रडत होता. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, त्याची बायको गेली."

त्याच्या गावी जाताना बसमध्ये त्यांनी मला त्या पहिल्या फोनची दुसरी बाजू सांगितली. मंडळी थंड पडलीय, उठत नाही. भूकच मेलीय. नर्स म्हणते शहरात दाखवा, दाखवू का? "नर्स म्हणाला असेल तो," भावजी म्हणाले. "मला ऐकू आलं ते 'सरस'. सरस लोक म्हणतात शहरात दाखवा. मला वाटलं, मोठे लोक." ते खिडकीबाहेर बघत होते. मला त्यांची कीव आली आणि संतापही आला.

भट्टीच्या मागेच त्याचं घर. एकच खोली, मध्ये पडदा, पडद्याच्या अलीकडे चर्च, पलीकडे संसार. भिंतीवर, बाकांवर, खिडकीच्या गजांवर विटांची तांबडी धूळ. शवपेटी गावच्या सुताराने केली होती. मूठमाती देऊन लोक पांगले, आणि त्या खोलीत आम्ही तिघंच उरलो. त्याने स्वतः चहा केला. भावजींना कप दिला आणि त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला.

"काका, तुम्ही होतात म्हणून," तो म्हणाला. "आमच्या घरात दुसऱ्या कुणाचा फोन येत नाही. तुम्ही मात्र दर वेळी आधी तिचंच विचारायचात. मी तिला सांगायचो, काकांनी तुझी चौकशी केली. मग दिवसभर खूश असायची. शेवटी शेवटी बोलवत नव्हतं तिला, तरी खुणेने विचारायची, फोन आला का." त्याने डोळे पुसले. "शहरात नेलं नाही ते बरंच झालं. तुम्ही म्हणालात तसंच. परत मिळाली नसती. इथे माझ्या हातात तरी गेली."

मी भावजींच्या कोटाची बाही ओढली. गप्प राहा. मला त्या क्षणी खरंखोटं काही नको होतं. त्या माणसाजवळ उरलं होतं काय, तर तेवढंच. खरं बोलून बोलणाऱ्याचं मन हलकं होतं, आणि ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर जातं. पण भावजी माझं कधी ऐकत नव्हते.

"मी तिची चौकशी कधीच केली नाही रे," ते म्हणाले. "मी चर्चचं विचारत होतो. दर वेळी. तू शहरात न्यायचं विचारलंस, तेव्हाही मी चर्चबद्दलच बोलत होतो. ती आजारी आहे हे मला कळलंच नव्हतं. तिला शहरात न्यायला हवं होतं."

तो वर बघत राहिला. मला वाटलं, आता हा उठून मारणार, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. पण तो तसा माणूसच नव्हता. त्याला समजायला वेळ लागला. आधी शहराचं समजलं असावं, कारण त्याने डोळे मिटून घेतले. मग दुसरं समजलं.

"म्हणजे तिला कुणीच विचारत नव्हतं," तो म्हणाला.

तो उठला, भावजींच्या हातातला भरलेला कप त्याने काढून घेतला, आणि आम्हाला जाण्यासाठी दार उघडून धरलं.